फोनची बारी

आमच्या कक्षाचं नाव इतकं लांबलचक आहे की दारावरची पाटी दोन ओळींत रंगवूनही शेवटचं अक्षर चौकटीला जाऊन टेकलं आहे. समाज, उद्योग, बाह्य संस्था, भागीदारी, समन्वय असे सगळे शब्द तिथं दाटीवाटीनं बसलेत. विद्यापीठातले लोक सरळ 'बाहेरच्यांची खोली' म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडतं. बाहेरच्या कुणाला विद्यापीठाकडून काही हवं असलं, किंवा विद्यापीठातल्या कुणाला बाहेर जाऊन काही करायचं असलं, तर ते आमच्या खोलीतून व्हावं असा नियम आहे.

हा नियम झाला तो एका विहिरीमुळे. मी तेव्हा नव्हते, पण कक्षात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ही गोष्ट चहाबरोबर मिळतेच. जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यातली विहीर भूगोल विभागाच्या मुलांनी मोजली. पुढं भूशास्त्रवाले आले, त्यांनीही मोजली. मग पर्यावरणवाले आले. समाजकार्याच्या मुलींनी विहीर मोजली नाही, पण पाणी कोण शेंदतं ते विचारून गेल्या. एका विभागाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. शेवटी कुठल्याशा कार्यक्रमात त्या शेतकऱ्यानं कुलगुरूंना गाठलं आणि विचारलं, "साहेब, एवढ्या येळा विहीर मोजली तुमी. पाणी काय वाढलं न्हाई. आता पुढं काय करायचं ठरलंय, का नुसती मोजायचीच हाय?" कुलगुरूंना म्हणे हे फार लागलं आणि त्या वर्षाच्या आत आमची खोली उघडली.

माझ्याकडं जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके आले ते माझं माहेर शिनोलीचं म्हणून. मुलाखतीत मॅडमनी, म्हणजे आमच्या कक्षप्रमुखांनी, विचारलं होतं की तुमची जमेची बाजू कोणती. मी म्हटलं, नसत्या चौकशा. त्या हसल्या नाहीत. त्या संख्याशास्त्र शिकवून आलेल्या बाई, शिस्तीच्या आणि सरळ मनाच्या. त्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून नाक खुपसण्याचा मला पगार मिळतो आणि मला या कामाचा अजून कंटाळा आलेला नाही.

पद्धत अशी होती: जे गाव आमच्याशी करार करेल त्या गावानं आपला एक समन्वयक द्यायचा, आणि आम्ही त्या गावाला एक फोन द्यायचा. साधाच फोन, पण नंबर गावाचा. माणूस बदलला तरी नंबर तोच राहावा, एवढाच हेतू. कुठला विभाग गावात जाणार असला की आधी त्या नंबरावर विचारायचं, आणि गावाला काही हवं असलं तर त्यांनी त्या फोनवरून आम्हाला सांगायचं.

ज्या गावाची ही हकिगत आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. डिंगोऱ्यावरून माळशेजकडं जाताना आत वळावं लागतं, एवढं पुरे. तिथं पहिल्यांदा फोन लावला तेव्हा एका पुरुषानं उचलला, अगदी अदबीनं बोलला. पुढच्या खेपेला एका बाईनं उचलला. मी विचारलं, समन्वयक आहेत का? "मीच की," ती म्हणाली. त्यानंतर एक म्हातारे गृहस्थ. तेही म्हणाले, "बोला, मीच." चौथ्या खेपेला मी काहीतरी निमित्त काढलं आणि सरळ गावातच गेले.

फोन तेव्हा ज्यांच्याकडं होता त्यांच्या पडवीत मला बसवलं. पोहे आले, चहा आला, पाठोपाठ उसाचा रस आला. घरधन्यानं खुलासा केला. "आधी फोन सरपंचाकडं व्हता. मग पावणं येणार ते त्येच्याच घरी. पोरं यायची, फोटू काढायची, त्येचंच नाव व्हायचं. बाकीच्यांनी काय नुसतं बघत बसायचं व्हय? मग बारी लावली."

"कशी लावली?"

"पाण्याची हाय तशीच," तो म्हणाला. त्यात विचारण्यासारखं काय आहे, हे त्याला कळेना.

गावात नदीवरून पाणी उचलायची योजना आहे. ते पाणी कुणाच्या वावरात केव्हा सोडायचं याचा क्रम सगळ्यांच्या तोंडपाठ असतो. फोन त्याच क्रमानं फिरत होता. आपली बारी संपली की माणूस पाइपलाइनचा वॉल फिरवायचा आणि तसाच चिखलाच्या पायांनी शेजारच्या घरी जाऊन फोन देऊन यायचा. ज्याच्याकडं पाणी, त्याच्याकडं विद्यापीठ. मला हे इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर मी एकटीच गाडीत हसत होते.

यातून आणखी एक रीत पडली होती आणि ती कुणी ठरवलेली नव्हती. ज्या घरात फोन असेल त्या घरानं आलेल्या मुलांना जेवू घालायचं, आणि बारी संपण्याआधी विद्यापीठाला आपला एक प्रश्न विचारायचा. एका घरानं विचारलं की टोमॅटो झाडावरच का तडकतो. एकीनं विचारलं, दूध तेच, विरजण तेच, मग सासूबाईंचं दही घट्ट आणि माझं पातळ का? हा प्रश्न मी सूक्ष्मजीवशास्त्राकडं दिला. तिथले दोन प्राध्यापक त्यावरून आपसात इतके वाद घालू लागले की दह्याचे नमुने मागवावे लागले. एका आजीची लेक खोडदला दिलेली. आजी तिच्याकडं गेली की वावराच्या बांधावरून तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या अँटेना बघत बसायची. तिनं विचारलं, "त्या थाळ्या सारख्या वर तोंड करून ऐकत्यात. त्यांना कदी कुणी काय बोललंय का?" भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी खास जाऊन तिच्याशेजारी बसली आणि तारे, वायू, दूरदूरचे आवाज असं सगळं सांगत राहिली. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी अजून न्हाई," ती म्हणाली.

सुरुवातीला विभाग कुरकुरायचे की हे आमच्या विषयात येत नाही. पुढं पुढं मात्र तेच विचारायला लागले, या वेळी त्या गावानं काय विचारलं? मलाही प्रत्येक बारीची उत्सुकता लागलेली असायची.

अशाच एका फेरीहून निघाले तेव्हा पावसाळा सरत आला होता. गावाच्या वरच्या अंगाला रस्त्यावर मेंढरं आडवी आली. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. मेंढरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी अंग घासत जात होती आणि त्यांच्या मागून आलेली एक बाई माझ्या खिडकीशी येऊन थांबली. पन्नाशी उलटलेली, उंच, आवाजात जरब. ती मेंढरांना ओरडली, मग त्याच सुरात मला म्हणाली, "फोनवाल्या बाई तुमीच का?"

मी हो म्हटलं.

"मग आमच्या वस्तीला बारी कदी?"

मला वाटलं, यायची असेल अजून. ती म्हणाली, "यायची न्हाई. सगळ्या गावाच्या झाल्या, दुसरा फेरा सुरू झाला." मी गाडी वळवायला लावली आणि पाणी योजनेचं काम बघणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांना जाऊन विचारलं की धनगरवस्तीची बारी का नाही. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता अचंबा होता. "त्यांना पाणी न्हाई ना," ते म्हणाले. "पाणी न्हाई तर बारी कशी असंल?" यात कुणी कुणाला मुद्दाम वगळलेलं नव्हतं. क्रम पाण्याचा उचलला, आणि ज्यांच्या वावराला पाइपलाइन नाही ती घरं आपोआप बाहेर राहिली. इतके दिवस मी त्या गावाचं कौतुक सांगत हिंडत होते आणि मलाही हे दिसलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम वस्तीवर गेले. रस्त्यात भेटलेल्या त्या बाईंनी, त्यांना मी मावशीच म्हणू लागले, घोंगडी अंथरली, चहा दिला. सून आत वावरत होती, पोटुशी होती. मावशींनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दिवाळी झाली की त्यांचं वाडगं, म्हणजे मेंढरं आणि सगळं बिऱ्हाड, माळशेज उतरून कोकणात जातं आणि पावसाच्या आधी वर येतं. खालचे शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात. आज या गावात मुक्काम, उद्या त्या. मागच्या साली अशाच एका मुक्कामावर सुनेचे दिवस आधीच भरले. परकं गाव, वावरातली जागा. मावशींच्या मुलाच्या हातात फोन होता, पण लावायचा कुणाला हे माहीत नव्हतं. गाडी मिळेपर्यंत मूल गेलं होतं.

"औंदाबी पौषातच हाय," मावशी म्हणाल्या.

"मग तिला या वेळी इथंच ठेवा ना."

"कुणापाशी? वस्तीला कुलपं लागत्यात. तिच्या म्हायेरचं वाडगंबी खालीच हिंडतंय. एकली पोर सोडून जाऊ?"

मी घाईघाईनं पर्समधून कार्ड काढलं, म्हटलं हा माझा नंबर, काहीही लागलं तर मला करा, आत्ताच सांगा काय हवंय ते. त्यांनी कार्ड घेतलं, चोळीत खोवलं आणि मान हलवली. "ह्यो नंबर तुमचा. तुमची बदली झाली म्हंजी गेला. तुमाला माझी दया आली म्हणून तुमी दिला. मला तसलं नगं. बाकीची घरं बारीला बसून इचारत्यात, विद्यापीठ त्यांना उत्तर देतं. मला बी बारीला बसून इचारायचंय, गावाच्या नावानं."

मला रागच आला थोडा. माणूस मदत करायला निघालाय आणि ही बाई रीतभात काढून बसली आहे. पण गाडीत बसल्यावर राग ओसरला आणि नुसती रुखरुख उरली. मी पाणी योजनेच्या त्या गृहस्थांना पुन्हा फोन केला, वस्तीचं नाव क्रमात घाला म्हणून गळ घातली. ते माणूस वाईट नव्हते. "घेऊ की," म्हणाले. "ह्यो फेरा पुरा होऊ द्या. दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर वस्तीला कुलपं लागलेली असणार होती.

त्याच सुमारास मॅडमनी नवा नियम काढला. त्यालाही कारण त्याच गावातलं होतं. आमच्या विद्यार्थ्यांची बस वेशीवर ताटकळत उभी राहिली, कारण फोन एका घरातून निघाला होता आणि दुसऱ्या घरी पोचायचा होता. मधल्या बांधावर त्या माणसाला कुणीतरी बोलायला भेटलं आणि तो बोलत बसला. मुलं उपाशी परत आली. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, "एक गाव, एक माणूस, तीन वर्षं. सगळ्या भागीदार गावांना हेच. नवीन पोर्टलवर समन्वयकाचं नाव एकदा भरलं की मुदत संपेपर्यंत बदलणार नाही."

मी भांडले. बारीमुळे गावातली सगळी घरं आपल्याला ओळखतात, एक माणूस केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, असं म्हटलं. शेवटी मावशींचीही हकिगत सांगितली. "मग त्यांनाच करा त्या गावाच्या समन्वयक," त्या म्हणाल्या.

"त्या अर्धं वर्ष गावात नसतात."

"तेच म्हणते मी. तुमच्या-माझ्या चांगुलपणावर हे किती दिवस चालेल? आपण दोघी इथून गेल्यावरही चाललं पाहिजे." त्यांचं म्हणणं मला खोडता येईना, कारण मावशींनीही वेगळं काही म्हटलं नव्हतं. पण या नियमानं मावशींची बारी नुसती पुढं ढकलली जाणार नव्हती, ती कायमचीच जाणार होती. तो निरोप घेऊन मलाच गावात जायचं होतं.

बैठक भैरवनाथाच्या देवळापुढं भरली. मी वस्तीवरही निरोप धाडला होता. मावशी आणि वस्तीवरच्या दोघी-तिघी दीपमाळेच्या बाजूला बसल्या होत्या. मी नियम सांगितला, गाव एकच नाव सुचवा म्हटलं. मग जे सुरू झालं ते मी मांडी घालून ऐकत राहिले. पहिला दुसऱ्याला म्हणाला, भाऊ तुमी व्हा. दुसरा म्हणाला, छे राव, तुमी असताना मी कसा. असा मान पुढं पुढं सरकत सगळ्या बैठकीला फिरून आला. त्यातून एक नाव जरा टिकलं, तर कोपऱ्यातून कुणीतरी नुसतं खाकरलं आणि तेही नाव पडलं. एका घराला तीन वर्षं विद्यापीठ द्यायचं म्हणजे बाकीच्या घरांनी तीन वर्षं तोंड फिरवायचं, हे सगळ्यांना दिसत होतं. ऊन कलायला लागलं. चहाची दुसरी फेरी झाली.

देवळाच्या पायरीवर एक म्हातारबाबा इतका वेळ तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "देवाचं नाव लिवा."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. "हसाया काय झालं? ही मागची जमीन कुणाच्या नावावर हाय? सातबाऱ्यावर देवाचं नाव चालतं, मग ह्यांच्या विद्यापीठात का चालू न्हाई? त्यो आजारी पडत न्हाई, गाव सोडून जात न्हाई, आन् त्येच्यावर कुणी रुसत न्हाई."

हसणं हळूहळू थांबलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि मला कळलं की हे ठरतंय. नोकरी धोक्यात दिसत होती, पण पुढं काय होतं हे बघितल्याशिवाय मला उठवेना. मी विचारलं, "बरं, देवाचं नाव लिहिलं. पण फोन वाजला तर उचलणार कोण?"

"दिवा लावणारा," दोघं-तिघं एकदम म्हणाले.

देवळातल्या सांजदिव्याचीही बारी असते. ती पाण्याच्या बारीपेक्षा कितीतरी जुनी, कुणाच्या पणज्यानं लावलेली. वावर असो नसो, पाणी असो नसो, गावातल्या प्रत्येक उंबऱ्याला ती येते. बैठकीतल्या माणसांनी हे पुरतं मनात आणायच्या आधीच दीपमाळेकडून मावशींचा आवाज आला. "दसऱ्यापास्नं वाडगं उतरस्तवर दिवा वस्तीचा असतो."

पाणी योजनेचे ते गृहस्थ खाली बघत राहिले, मग त्यांनी टोपी सारखी केली. "असतो खरा," ते म्हणाले. "देवाच्या बारीत आपुन कसं आडवं जायचं?" आणि बैठक संपली. मला तिथंच मावशींचा हात धरावासा वाटत होता, पण त्या उठून मेंढरांकडं निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर बसून पोर्टलवर नाव भरलं. पोर्टल आडनाव मागत होतं. मॅडमनी आधी माझ्याकडं, मग पडद्याकडं बघितलं आणि विधी अधिकाऱ्यांना फोन लावला. ते गृहस्थ कधीच चकित होत नाहीत. म्हणाले, "देव कायद्यानं व्यक्ती आहे. मालमत्ता धारण करू शकतो. फक्त कायद्याच्या दृष्टीनं तो अज्ञान असतो, लहान मुलासारखा. त्याच्या वतीनं वहिवाट करणाऱ्यानं सही करायची." मॅडमनी विचारलं, "पण तीन वर्षं बदलणार नाही ना?" पलीकडून उत्तर आलं, "शक्यता कमी आहे." आडनावाच्या जागी आम्ही गावाचं नाव टाकलं. मॅडमनी मंजुरीचं बटण दाबलं आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मोकळेपणी हसताना बघितलं.

दसऱ्यानंतर मी फोनकडं डोळे लावून बसले होते. स्वतःहून करायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. दोन-तीन दिवसांनी गावाचा नंबर आला. मावशी मोठ्यानं बोलत होत्या, जणू घाटाच्या पलीकडच्या माणसाशी. "बारी माझी हाय. आता इचारते. ह्यो असला फोन घाटाखाली कुणाकडं असतो?"

"घाटाखाली कुठल्या गावात, मावशी?"

त्यांनी मुक्काम सांगायला सुरुवात केली. घाट उतरून पहिला, मग ओढ्याकाठचा, मग आमराईचा, मग वीटभट्टीच्या अलीकडचा. मी भिंतीवरच्या नकाशाकडं बघत होते. भागीदार गावांना आम्ही रंगीत टाचण्या लावतो. जुन्नर-आंबेगावात त्या खेटून खेटून आहेत. घाटाच्या कडेपाशी टाचण्या संपतात, कारण तिथं जिल्हा संपतो आणि दुसऱ्या विद्यापीठाची हद्द लागते. अशा विनंतीवर 'कार्यक्षेत्राबाहेर' असा शेरा मारून ती बंद करायची असते. मावशींचं गाव मात्र तिथं संपत नव्हतं. अर्धं वर्ष ते घाटाखालीच असायचं.

मी फोनवर हात ठेवून मॅडमना सांगितलं. मला वाटलं होतं, आता पद्धतीवर दोन शब्द ऐकावे लागणार. मॅडम उठून नकाशाशी गेल्या. "पहिला मुक्काम कुठला म्हणाल्या? परत विचारा त्यांना." मग मावशी सांगत होत्या, मी मोठ्यानं म्हणत होते आणि मॅडम कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं खुणा करत होत्या. अर्धा दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही.

त्या दुसऱ्या विद्यापीठातही आमच्यासारखी खोली होती. तिथल्या गृहस्थांनी आधी पत्र पाठवा म्हटलं. मी म्हटलं, पाठवते, पण आधी ऐका. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "आमराई म्हणालात? तिथं आमच्या एका कॉलेजचं श्रमसंस्काराचं शिबिर असतं दर साली. थांबा जरा." त्यांनाही चौकशांची खोड असावी. आठवडाभर आमचे फोन चालू राहिले. कुठं कॉलेजातल्या एक बाई मिळाल्या, कुठं गावातली बाळंतपणं, औषधपाणी बघणाऱ्या आशाताई, कुठं जीप असलेला किराणा दुकानदार. प्रत्येक मुक्कामाला एक माणूस.

ते नंबर घेऊन मी स्वतः गेले. मावशींच्या मुलानं ते आपल्या फोनमध्ये घातले. मला वाटलं काम झालं. मावशींना तसं वाटलं नाही. त्या मला देवळात घेऊन गेल्या, गावाचा फोन हातात घेतला आणि मुलाकडून एकेक नंबर लावून घेतला. "मी भैरवनाथाच्या फोनवरनं बोलते. पौषात तुमच्या गावी आमचं वाडगं यील. सून भरल्या दिवसांची असंल. वळख ठेवा." पलीकडच्यानं नीट उत्तर दिल्याखेरीज त्या फोन ठेवत नव्हत्या. दुकानदारानं जीप दुरुस्तीला टाकली आहे म्हटल्यावर त्याला चांगलंच झापलं. सून खांबाला टेकून ऐकत होती. शेवटचा फोन झाल्यावर तिनं मला विचारलं, "त्या आशाताई रातच्याबी उचलत्याल ना?" मी हो म्हटलं. हो म्हणताना खात्री मात्र मलाही नव्हती.

दिवाळी झाली, वाडगं उतरलं. दिवा आणि फोन पुढच्या घरी गेले, त्या घरानं कांद्याच्या रोपांबद्दल काहीतरी विचारलं. मी रोज कामं करत होते, पण पौष लागला तसं माझं चित्त थाऱ्यावर राहीना. स्वतःहून फोन करायचा मोह दोनदा झाला आणि दोनदा मी तो आवरला. काय विचारणार होते मी? झालं का? नीट झालं का? मागच्या सालचं ते मूल त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं नसणार, त्यात माझी धास्ती कशाला, असं वाटायचं.

एका सकाळी कक्षात बाहेरच्या भागीदारांची बैठक होती. शीतगृहाचे मालक, दोन कारखान्यांचे अधिकारी, एका संस्थेच्या बाई असे सगळे टेबलाभोवती होते. बैठकीत फोन बंद ठेवायचा हा मॅडमचा कडक नियम. माझा फोन टेबलावर पालथा होता, तो थरथरला. नंबर अनोळखी. मी मॅडमकडं बघितलं. त्या बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "घ्या. स्पीकरवर घ्या."

वारा ऐकू येत होता, मागं मेंढरं. मग मावशींचा आवाज, नेहमीसारखाच चढा. "बाई, पोरगी झाली. ती आशाताई आली व्हती येळंला, दवाखान्यात नेलं तिनं. दोगी बऱ्या हायेत."

मी नुसतं "मावशी, मावशी" म्हणत राहिले.

"रडती हाय बघा, लई रडती. ऐका."

त्यांनी फोन बाळाच्या तोंडाशी धरला असावा. बारीक, चिडलेला, दमदार आवाज सगळ्या खोलीत भरला. शीतगृहाच्या मालकांना काय चाललंय ते माहीत नव्हतं, तरी तेही हसायला लागले. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत. मॅडमनी चष्मा काढून हातात धरला होता.

"ऐकलं का?" मावशींनी विचारलं. "आता ठेवते. दुसऱ्याचा फोन हाय."